कूतचे कैदी आणि अर्धवट राहिलेला जाब

२९ एप्रिल १९१६ रोजी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, तैग्रिस नदीच्या एका वळणावरच्या कूत-अल-अमारा या गावात ब्रिटिश हिंदुस्थानच्या फौजेने तुर्कांपुढे शस्त्रे खाली ठेवली. वेढा १४७ दिवस चालला होता. सैनिक आणि त्यांच्या सोबतचे नोकर मिळून सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली. त्यांतली बहुसंख्य हिंदी होती. शरण गेलेल्या या डिव्हिजनचे अधिकृत नाव होते 'सहावी (पूना) डिव्हिजन'.

पुढच्या अडीच वर्षांत या कैद्यांपैकी हजारो माणसे मेली. गोळी लागून मेलेले फार थोडे. बहुतेक जण चालून, उपाशी राहून, हगवणीने, टायफसने आणि मारहाणीने मेले. ब्रिटिश शिपायांपैकी निम्म्याहून अधिक परत आले नाहीत. हिंदी शिपाई आणि नोकर यांच्यातल्या मृतांचा व बेपत्तांचा आकडा अडीच ते तीन हजारांच्या घरात जातो. या मरणांचा जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न लंडनमध्ये, कॉन्स्टँटिनोपलमध्ये आणि शांतता परिषदांच्या टेबलावर सात वर्षे फिरत राहिला आणि शेवटी गुंडाळला गेला. युद्धकैद्यांच्या छळाबद्दल नेत्यांना जबाबदार धरावे की नाही, हा वाद आज जगात कुठेही पेटला की न्यूरेंबर्ग आणि टोकियोची नावे निघतात. कूतचे नाव निघत नाही. मराठी माणसाच्या तोंडून तरी ते निघायला हवे. कारण साधे आहे: त्या कैद्यांत आपली माणसे होती.

डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी

पूना डिव्हिजनच्या पहिल्या तीन ब्रिगेडपैकी प्रत्येकीत एक मराठा पलटण होती. सोळाव्या ब्रिगेडमध्ये ११७वी मराठा, सतराव्यात १०३वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि अठराव्यात ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री. याखेरीज खडकीच्या सॅपर्स-मायनर्सचे लोकही कूतमध्ये अडकले होते. मराठा पलटणींची भरती प्रामुख्याने कोकणातून आणि देशावरून होई. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे हे त्यांचे मुलूख. आमचा देवरीचा भाग तेव्हा मध्य प्रांतात होता आणि भरती अधिकाऱ्यांच्या नकाशावर त्याला फारसे स्थान नव्हते.

नोव्हेंबर १९१५ मध्ये ही डिव्हिजन बगदादच्या दिशेने निघाली. टेसिफॉन येथे २२ नोव्हेंबरपासून तिची तुर्कांशी लढाई झाली. प्रचंड हानी सोसून ती मागे फिरली, डिसेंबरच्या सुरुवातीला कूतमध्ये शिरली आणि तिथेच वेढली गेली. सेनापती होते मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड. त्यांनी सुरुवातीला धान्यसाठ्याचा जो अंदाज वर कळवला, तो प्रत्यक्षापेक्षा बराच कमी होता. त्यामुळे सुटकेसाठी आलेल्या फौजेला घाईघाईने, पुरेशी तयारी न करता हल्ले करावे लागले. त्या प्रयत्नांत सुमारे तेवीस हजार माणसे ठार किंवा जखमी झाली. आत अडकलेल्यांपेक्षा हा आकडा मोठा आहे.

आतल्या उपासमारीचीही एक बाजू आहे. ब्रिटिश सैनिक घोड्याचे मांस खाऊ लागले, बहुसंख्य हिंदी सैनिकांनी ते कित्येक आठवडे नाकारले. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीचे संदेश मागवण्यात आले. भाजीपाला नाही, मांस नाही, अशा स्थितीत हिंदी सैनिकांत स्कर्व्ही पसरली. टाउनशेंड यांनी याचा दोष सैनिकांच्याच माथी मारला. पण शरण जाताना कोणाच्या अंगात किती त्राण उरले होते, हे लक्षात ठेवायला हवे. पुढची पायपीट त्याच अंगाने करायची होती.

शरणागतीच्या आधी तुर्की सेनापती खलील पाशाला दहा लाख आणि मग वीस लाख पौंड देऊ करण्यात आले. त्या बोलण्यांत पुढे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्सही होते. तुर्कांनी पैसे नाकारले आणि बिनशर्त शरणागती घेतली.

सातशे किलोमीटरची वाट

कैद्यांना आधी नदीच्या वरच्या अंगाला शुमरान येथे ठेवले. तिथे तुर्की लष्कराची दगडासारखी कडक बिस्किटे वाटली गेली. उपाशी पोटांना ती सोसली नाहीत आणि पहिल्याच दिवसांत माणसे मरू लागली. मग अधिकारी आणि शिपाई वेगळे केले गेले. अधिकाऱ्यांना बोटीने बगदादला नेले. शिपायांना बगदादपर्यंत सुमारे एकशे साठ किलोमीटर चालवले. तिथून सामर्रापर्यंत रेल्वे होती. सामर्रापासून मोसुल आणि मोसुलपासून रास-अल-ऐन हा सगळा रस्ता पुन्हा पायी, तोही जून-जुलैच्या उन्हात.

ही पायपीट एकंदर सातशे किलोमीटरच्या आसपास भरते. देवरी ते नागपूर हे अंतर पाच वेळा चालण्याइतके. २०२०च्या टाळेबंदीत मुंबई-कोलकाता महामार्गावरून बाघनदीकडे चालत जाणारी माणसे आमच्या गावाने पाहिली आहेत. त्यांना वाटेत कोणी पाणी दिले, कोणी खिचडी दिली, आणि ती घराकडे चालली होती. कूतचे कैदी घरापासून दूर चालले होते, पायात बहुधा जोडे नव्हते, आणि मागे पडणाऱ्याला पहारेकऱ्याचा सोटा किंवा वाळवंट एवढेच होते.

रास-अल-ऐन येथे जर्मनांच्या मदतीने बर्लिन-बगदाद रेल्वेचे काम चालू होते. हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना तिथे रुळांच्या कामावर लावले. ब्रिटिश शिपायांना पुढे टॉरस आणि अमानुस डोंगरांतल्या बोगद्यांवर नेले. मुसलमान सैनिकांना खलिफाच्या बाजूला वळवता येईल या आशेने काही काळ वेगळी, थोडी बरी वागणूक मिळाली. हिंदूंच्या वाट्याला ती आली नाही. या छावण्यांचे हिंदी नजरेतून लिहिलेले वर्णन आपल्याला मिळते ते शिशिर सर्वाधिकारी या बंगाली तरुणाच्या 'अभी ले बगदाद' या पुस्तकातून. ते बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरमध्ये होते. साध्या मराठा शिपायाने मागे ठेवलेले असे पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. त्यांतल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हते. ज्यांच्यावर सर्वांत जास्त बेतले त्यांचीच साक्ष नोंदली गेली नाही, हे पुढचा वाद वाचताना विसरता कामा नये.

सेनापती कुठे होते?

टाउनशेंड यांनी शरणागतीच्या वेळी सैनिकांना सांगितले होते की आपण त्यांच्या सुटकेसाठी प्रयत्न करू. त्यांना सन्मानाने कॉन्स्टँटिनोपलला नेण्यात आले. मार्मारा समुद्रातल्या बेटावर बंगला, नोकर आणि फिरण्याची मोकळीक मिळाली. त्यांचा लाडका कुत्रा तुर्कांनी ब्रिटिशांकडे सुखरूप पोचवला. कैदेत असतानाच, ऑक्टोबर १९१६ मध्ये, त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. त्याच महिन्यांत त्यांचे शिपाई रेल्वेच्या कामावर मरत होते.

युद्ध संपून जे कैदी परतले, त्यांच्या सांगण्यातून ही तफावत उघड झाली आणि टाउनशेंड यांच्याविषयीचे लोकमत बदलले. लष्कराने त्यांना पुन्हा मोठे पद दिले नाही. तरीही १९२० मध्ये ते पार्लमेंटवर निवडून आले आणि त्याच वर्षी मोहिमेचे समर्थन करणारे पुस्तक त्यांनी प्रसिद्ध केले. १९२४ मध्ये ते वारले. पुढे १९६९ मध्ये त्यांच्यावर सर्वांत कठोर पुस्तक लिहिले ते रसेल ब्रॅडन यांनी. ब्रॅडन स्वतः दुसऱ्या महायुद्धात जपान्यांचे कैदी होते. युद्धकैदी झालेल्या माणसाला शत्रूइतकाच आपल्या सेनापतीचाही हिशेब का मागावासा वाटतो, याचे उत्तर त्या एका तपशिलात आहे.

इथे एक भेद करायला हवा. टाउनशेंड यांनी कैद्यांना छळले नाही. छळ तुर्की पहारेकऱ्यांनी केला आणि उपेक्षा तुर्की अधिकाऱ्यांनी केली. सेनापतीवरचा आक्षेप वेगळा आहे: आपली माणसे कोणत्या अवस्थेत आहेत याची चौकशी करण्याचे, त्यासाठी आपले वजन वापरण्याचे कर्तव्य कैदेत गेल्यावर संपते का? कायद्याने तेव्हा या प्रश्नाला काही उत्तर दिले नव्हते. लोकांनी मात्र आपले उत्तर दिले.

लंडनमधली चौकशी

ऑगस्ट १९१६ मध्ये पार्लमेंटने कायदा करून मेसोपोटेमिया कमिशन नेमले. लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन हे त्याचे अध्यक्ष. टेसिफॉननंतरच्या जखमींचे हाल आधीच बाहेर आले होते. स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून आणि मग उघड्या बोटींतून त्यांना खाली बसराकडे पाठवले होते. इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या मेजर कार्टर या डॉक्टरने ते दृश्य पाहून वरिष्ठांना सरळ सुनावले होते.

जून १९१७ मध्ये कमिशनचा अहवाल प्रसिद्ध झाला. मेसोपोटेमियातले सरसेनापती सर जॉन निक्सन, माजी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग, हिंदुस्थानचे सरसेनापती सर ब्यूशॅम्प डफ, सगळ्यांवर ठपका आला. भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांच्यावरचा दोष त्या मानाने सौम्य होता, पण आपल्या खात्याचे नाव आले म्हणून त्यांनी राजीनामा दिला. हार्डिंग यांनी देऊ केलेला राजीनामा स्वीकारला गेला नाही. खटला कोणावरही चालला नाही.

या चर्चेचा एक परिणाम मात्र आपल्या इतिहासात सर्वांना माहीत आहे, फक्त त्याचे मूळ विसरले गेले आहे. अहवालावरच्या चर्चेत एडविन मॉंटेग्यू यांनी हिंदुस्थान सरकारची यंत्रणा कालबाह्य आणि ताठर असल्याची टीका केली. थोड्याच दिवसांत चेंबरलेन यांच्या जागी तेच भारतमंत्री झाले आणि २० ऑगस्ट १९१७ रोजी हिंदुस्थानात टप्प्याटप्प्याने 'जबाबदार राज्यपद्धती' आणण्याची घोषणा त्यांनी केली. टिळक आणि बेझंटबाईंच्या होमरूल चळवळीचा रेटा त्यामागे होताच. पण कारभार बिनजबाबदार आहे हे ब्रिटिश पार्लमेंटपुढे उघडे पाडले ते कूतने.

तरी या साऱ्यात एक पोकळी होती. कमिशनपुढचा विषय होता मोहीम, पुरवठा आणि जखमी. कैद्यांचे हाल त्याच्या कार्यकक्षेतच नव्हते. त्यांच्याविषयीचा सरकारी अहवाल पार्लमेंटपुढे आला तो नोव्हेंबर १९१८ मध्ये, युद्ध संपताना. मोहीम हरली याचा जाब आधी विचारला गेला आणि माणसे मेली याचा जाब दोन वर्षे मागे राहिला.

तुर्कांकडे मागितलेला हिशेब

१९०७ च्या हेग नियमांप्रमाणे युद्धकैदी हा त्याला पकडणाऱ्या शिपायाच्या किंवा पलटणीच्या ताब्यात नसतो, शत्रूच्या सरकारच्या ताब्यात असतो. त्याला माणुसकीने वागवले पाहिजे. हे तत्त्व फार महत्त्वाचे आहे, कारण त्यामुळे 'तो एखाद्या पहारेकऱ्याचा अतिरेक होता' ही सबब सरकारला पुरत नाही. पण त्याच नियमांत एक पळवाटही होती. वेगळा करार नसेल तर कैद्याला आपल्या सैनिकाइतके अन्न, वस्त्र आणि निवारा द्यावा, असे ते म्हणत. तुर्कांचा बचाव नेमका हाच होता: आमचे शिपाईही अर्धपोटीच होते. या म्हणण्यात तथ्य आहे. तुर्की फौजेतही रोगराईने आणि उपासमारीने असंख्य माणसे मेली. पण मारहाण, लूट आणि आजाऱ्याला रस्त्यात सोडून देणे यांना अन्नटंचाईचे स्पष्टीकरण लागू पडत नाही.

युद्धानंतर ब्रिटिशांनी कॉन्स्टँटिनोपलमध्ये धरपकड केली आणि १९१९ पासून शंभराहून अधिक तुर्की अधिकारी व राजकारणी माल्टा बेटावर नेऊन ठेवले. त्यांत आर्मेनियनांच्या कत्तलीचे आरोपी होते, तसेच कैद्यांच्या छळाचे आरोपीही होते. ऑगस्ट १९२० च्या सेव्हरच्या तहात युद्धाचे नियम मोडणाऱ्यांवर दोस्त राष्ट्रांच्या लष्करी न्यायालयात खटले चालवण्याचे कलम आले. पण तो तह कधी अमलात आलाच नाही. केमाल पाशांची चळवळ बळावली, तिच्या हाती काही ब्रिटिश अधिकारी सापडले, आणि १९२१ मध्ये माल्टावरचे लोक त्यांच्या बदल्यात सोडून देण्यात आले. १९२३ च्या लोझानच्या तहासोबत सर्वसाधारण माफीचा जाहीरनामा जोडला गेला. कूत जिंकणाऱ्या खलील पाशाला १९१९ मध्ये अटक झाली होती, तो निसटला. पुढे तुर्कस्तानात आडनावांचा कायदा झाला तेव्हा त्याने आडनाव घेतले 'कूत'. १९५७ मध्ये तो वारला.

कैद्यांचे हाल करणाऱ्यांना शिक्षा व्हावी असे मानणारे ब्रिटिश सरकारच शेवटी आपल्या जिवंत अधिकाऱ्यांसाठी मेलेल्या शिपायांचा दावा सोडून देते, हे कठोर वाटते. पण त्यांच्या जागी असतो तर काय केले असते, हा प्रश्नही प्रामाणिकपणे विचारावा. जिवंत माणूस सोडवणे हे चुकीचे नव्हते. चुकीचे हे की त्यानंतर कोणीही त्या दाव्याचे नाव काढले नाही.

लाइपझिगहून टोकियोकडे

जर्मनांच्या बाबतीत दुसरा प्रयोग झाला. १९२१ मध्ये लाइपझिगच्या जर्मन न्यायालयातच खटले चालले. कैद्यांना मारहाण केल्याबद्दल हायनेन या सार्जंटला दहा महिने, तर छावणीप्रमुख कॅप्टन म्युलरला सहा महिने शिक्षा झाली. त्यांच्या वरचे कोणी त्यात सापडले नाही. उतरंडीच्या तळाची मडकी फुटली, वरची तशीच राहिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा क्रम उलटा करण्याचा प्रयत्न झाला. फिलिपाइन्समधले जपानी सेनापती यामाशिता यांनी अत्याचाराचा हुकूम दिल्याचा पुरावा नव्हता. हाताखालच्या फौजेला आवर घातला नाही म्हणून त्यांना फेब्रुवारी १९४६ मध्ये फाशी दिले. यावर वाद तेव्हाही झाला. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातल्या दोन न्यायमूर्तींनी विरोधी मत नोंदवले. फौजेशी संपर्क तुटलेल्या सेनापतीला 'तुला माहीत असायला हवे होते' म्हणणे न्याय्य आहे का, हा त्यांचा सवाल आजही खोडून काढणे सोपे नाही.

टोकियोच्या न्यायाधिकरणाने १९४८ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. कैद्यांचे हाल माहीत असूनही जो मंत्री काही करत नाही आणि मंत्रिमंडळात बसून राहतो, तोही जबाबदार, असे त्याने म्हटले. परराष्ट्रमंत्री शिगेमित्सू यांना त्याखाली सात वर्षांची शिक्षा झाली. ते लवकर सुटले आणि १९५४ मध्ये पुन्हा परराष्ट्रमंत्री झाले! आपले न्यायमूर्ती राधाविनोद पाल यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारा निकाल लिहिला. छळ झालाच नाही, असे त्यांचे म्हणणे नव्हते. या आरोपी नेत्यांशी त्याचा दुवा पुराव्याने जुळत नाही, असे त्यांचे मत होते.

म्हणजे आजवरच्या वादाच्या तीन पायऱ्या दिसतात. पहिली, ज्याने हात उगारला तो. दुसरी, ज्याला माहीत होते, थांबवता येत होते, पण थांबवले नाही तो. तिसरी, ज्याने माहीतच करून घेतले नाही तो. पहिल्याबद्दल दुमत नाही. दुसऱ्याबद्दल आता कायदा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. खरा झगडा तिसऱ्या पायरीवर आहे, आणि बहुतेक मोठे नेते तिथेच उभे असतात.

कूत कायद्यात कुठे उरले?

१९४९ चा तिसरा जिनिव्हा करार वाचताना मला जागोजाग कूतची वाट आठवते. कैद्यांना आघाडीवरून हलवताना पुरेसे अन्न, पिण्याचे पाणी आणि औषधोपचार द्यावेत, असे त्याचे विसावे कलम सांगते. सव्विसाव्या कलमाने 'आपल्या सैनिकाइतके' हे जुने माप काढून टाकले. प्रकृती चांगली राहील इतके अन्न दिलेच पाहिजे आणि कैद्याच्या नेहमीच्या आहाराचा विचार केला पाहिजे, असे ते म्हणते. 'आमचेही उपाशी होते' हा बचाव तिथे संपतो. बावन्नावे कलम धोकादायक कामांवर मर्यादा घालते. भारताने हा करार १९५० मध्ये मान्य केला आणि १९६० मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला.

कायदा सुधारला, तरी तो चालवणारे हात राजकारणाचेच राहिले. १९७१ च्या युद्धानंतर बांगलादेशला १९५ पाकिस्तानी कैद्यांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवायचे होते. एप्रिल १९७४ मध्ये दिल्लीत झालेल्या तिहेरी करारात तो आग्रह सोडून देण्यात आला. माल्टा आणि दिल्ली यांची कारणे वेगळी होती, पण व्यवहाराची रीत ओळखीची आहे.

नावे

साताऱ्याकडच्या गावांत महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून इतके गेले, इतके परतले नाहीत. अपशिंगे गावाने तर पहिल्या महायुद्धात सेहेचाळीस जण गमावले. पाटीवर आकडा असतो, नावे बहुधा नसतात. इराकमधल्या बसरा स्मारकावर चाळीस हजारांहून अधिक मृतांची नोंद आहे. ब्रिटिश शिपायांची नावे तिथे कोरली आहेत. हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. साध्या हिंदी शिपायांची पलटणीनुसार फक्त संख्या आहे. २०२१ मध्ये कॉमनवेल्थ युद्धस्मारक आयोगाने अशी असमान वागणूक झाल्याचे अहवालात मान्य केले.

हा मुद्दा केवळ भावनेचा नाही. ज्याचे नाव नोंदलेले नाही, त्याच्या मरणाचा जाब विचारता येत नाही. खटल्याला आकडा चालत नाही, फिर्यादी लागतो. म्हणूनच आजच्या करारांत कैद्याचे नाव, क्रमांक आणि ठावठिकाणा ताबडतोब कळवण्याचे बंधन इतक्या बारकाईने घातले आहे. ताब्यात घेतलेल्या माणसाची नोंद हे त्याचे पहिले संरक्षण असते. आमच्या राज्याच्या या टोकावर, जिथे वर्षानुवर्षे दोन्ही बाजूंच्या बंदुका लोकांनी पाहिल्या आहेत, तिथे हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

११७वी मराठा पुढे पाचवी रॉयल बटालियन झाली, १०३वी पहिली, तर ११०वीचा वारसा तिसऱ्या बटालियनमार्फत १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटकडे गेला. पलटणींनी आपला इतिहास जपला आहे. घरांनी तो किती जपला, हे पाहायला हवे. कोणाच्या माजघरात त्या युद्धाचे पदक, पेन्शनचा कागद किंवा 'आजोबांचे वडील बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत' एवढे एक वाक्य शिल्लक असेल, तर ते लिहून ठेवावे: नाव, गाव, पलटण आणि साल. शंभर वर्षांनी खटला उभा राहणार नाही. पण आकड्याच्या जागी एक नाव येईल, आणि त्या तेरा हजारांपैकी एकाची तरी साक्ष नोंदली जाईल.